कारागिराच्या ओसरीवरची शाळा

दिवाळीचा अंक घरात आला की त्याच्यावर पहिला हक्क कुणाचा, यावरून घरोघरी होणारी धक्काबुक्की नवी नाही. ज्याच्या हाती अंक लागतो तो आधी मुखपृष्ठ पाहतो; मग व्यंगचित्रे पाहतो; मग अनुक्रमणिकेत आपल्या आवडत्या लेखकाचे नाव शोधतो. मुखपृष्ठ काढणाऱ्या चित्रकाराचे नाव कोपऱ्यात बारीक टाइपात असते, ते एखादाच वाचतो. आणि अंकाच्या नावाची वळणदार अक्षरे कुणी काढली, जाहिरातीतील साबणाच्या वडीभोवती ती महिरप कुणी घातली, रंग एकमेकांवर असे नेमके कुणी बसविले, हे तर कुठे छापलेलेच नसते. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजना’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून शंभराहून अधिक दिवाळ्या आपण या अनामिक मंडळींच्या हातचा फराळ खात आलो आहोत म्हणा ना! ही मंडळी आपली विद्या शिकली कुठे, याचा थोडा मागोवा घ्यावा असा या लेखाचा हेतू आहे.

निमित्त आहे पिंपरी-चिंचवडचे. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी आणि पलीकडे चाकण ही नावे घेतली की डोळ्यांपुढे उभे राहतात ते कारखाने, भोंगे, पाळ्या आणि मोटारींचे सुटे भाग. पण या कारखान्यांच्या आडोशाला, गल्लीबोळांत, जिन्याखालच्या किंवा दुकानावरच्या दोन खोल्यांत, ‘ग्राफिक्स’, ‘आर्ट्स’, ‘क्रिएशन’ अशा पाट्या लावलेले लहान लहान स्टुडिओ असतात. दोन किंवा तीन संगणक, एक छपाईयंत्र, भिंतीला टेकवलेले नमुने आणि सतत वाजणारा टेलिफोन, एवढा त्यांचा संसार. उपयोजित कलेच्या महाविद्यालयात शिकणारी मुले आणि मुली सुट्टीत किंवा संध्याकाळी अशा ठिकाणी ‘बसायला’ जातात. ‘बसायला जातो’ हा शब्दप्रयोग मोठा अर्थपूर्ण आहे. वैद्याकडे बसणे, सोनाराकडे बसणे, पेढीवर बसणे हे आपल्याकडचे जुने शिक्षणच आहे. ओसरीवर बसायचे, पाहायचे, सांगतील ते करायचे, आणि एके दिवशी आपल्या हाताने एखादे काम पुरे करून दाखवायचे. छपाई आणि चित्रकारी यांचा मराठी मुलखातील इतिहास पाहिला तर तो बहुतांशी या ओसरीवरच घडला आहे.

आरंभ करावा लागतो तो गणपत कृष्णाजी यांच्यापासून. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तिसेक वर्षांत मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांचा छापखाना चालू होता. गणपत कृष्णाजींनी तो पाहिला. त्यांना कुणी प्रवेशपत्र दिले नाही की अभ्यासक्रम आखून दिला नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिले, घरी येऊन लाकडाचे यंत्र खटपट करून उभे केले, दगड मिळविला, शाई स्वतः सिद्ध केली, आणि १८३१ साली पंचांग छापून काढले. गोविंद नारायण माडगावकरांच्या १८६३ सालच्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात त्यांच्या या उद्योगाची हकीकत आली आहे. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्या मंडळींना छापील पोथीचा विटाळ वाटे. त्यावर गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातले, असे सांगतात. ज्याला गिऱ्हाइकासाठी काम करायचे असते त्याला गिऱ्हाइकाचे मन ओळखावे लागते, हा धडा इतक्या आधीपासूनचा आहे.

त्यानंतरचे नाव जावजी दादाजी चौधरी यांचे. जन्म १८३९ चा, घरची गरिबी, लहान वयातच मिशनच्या छापखान्यात चाकरीला लागले. तिथे टॉमस ग्रॅहॅम हा गृहस्थ देवनागरी टाइपाचे काम पाहत असे. खिळे घासायचे, ओतीव अक्षरांच्या कडा नीट करायच्या, असे कुणाच्या लक्षातही न येणारे काम करता करता अक्षर म्हणजे काय हे जावजींच्या बोटांना कळले. पुढे त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला, आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांचे सोबती राणोजी रावजी आरू हे ठसे कोरण्यात निष्णात. पोलादाच्या बारीक कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा, त्या साच्यात शिशाचा रस ओतून खिळा काढायचा. देवनागरीतली जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, रफार हे सारे हिशेबात घेतले म्हणजे एका टाइपासाठी किती शेकडो ठसे कोरावे लागत असतील त्याची कल्पना करावी. निर्णयसागरची संस्कृत ग्रंथांची छपाई काशीपर्यंत वाखाणली गेली; मात्र तिचे मूळ मिशनच्या छापखान्यातल्या एका पोराने घासलेल्या खिळ्यांत आहे.

हे मुंबईचे झाले. पुण्याकडे १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा काढली. नाव पाहा, चित्र‘शाळा’! होता छापखाना, पण तिथे देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत शिळाछापाची चित्रे निघत आणि ती घरोघरी भिंतीवर लागत. शास्त्रीबुवा १८८२ मध्येच वारले. पण पुढे वासुकाका जोशी यांनी चित्रशाळा नावारूपास आणली.

आता पिंपरी-चिंचवडच्या अगदी उंबऱ्याशी येऊ. चिंचवडहून लोणावळ्याची लोकल धरली की देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत अशी स्टेशने घेत गाडी मळवलीला येते. पावसाळ्यात तिथे उतरतात ती सहलीची मंडळी. एका अंगाला कार्ल्याची लेणी, दुसऱ्या अंगाला भाज्याची. या मळवलीला एके काळी राजा रविवर्म्यांचा चित्रांचा छापखाना होता, हे त्या सहलकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

रविवर्म्यांनी हा छापखाना १८९४ साली मुंबईत काढला. चित्र राजवाड्यात टांगलेले असते तेव्हा ते एका घराचे. छापले की हजार घरांचे, ही त्यामागची दृष्टी. पुढे मुंबईत प्लेगने थैमान घातले, अडचणी वाढल्या, आणि शतक संपता संपता छापखाना मळवलीला आला. फ्रिट्झ श्लायखर हा जर्मन तंत्रज्ञ त्यात काम करीत होता. कर्ज वाढत गेले तसा विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्यांनी छापखाना त्यालाच विकला. आपल्या आजी-पणजींच्या देवघरात ज्या लक्ष्मी आणि सरस्वती काचेच्या चौकटीत होत्या, त्यांतल्या कितीतरी या मावळच्या खोऱ्यातून निघालेल्या आहेत. १९७२ साली आगीत छापखाना भस्मसात झाला.

शिळाछापाची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो, कारण त्यातच शिष्याचे सारे शिक्षण सामावलेले आहे. जर्मनीतल्या बव्हेरियाकडचा एक गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, तेही उलटे. कारण कागदावर ते सुलट उमटायचे आहे. मग सौम्य तेजाब आणि डिंक यांचा हात फिरवायचा. दगड ओला केला की मोकळी जागा पाणी धरते आणि चित्राची रेघ पाण्याला झिडकारते. वर तेलकट शाईचा रूळ फिरविला की शाई फक्त रेघेला चिकटते. कागद ठेवा, दाब द्या, चित्र उमटले! पण हे एका रंगाचे झाले. लक्ष्मीच्या साडीचा लाल, कमळाचा गुलाबी, हत्तीचा राखी, अंगावरच्या दागिन्यांचा पिवळा, अशा प्रत्येक छटेला वेगळा दगड लागतो. डझनभर दगडांवरून तोच कागद डझनभर वेळा जायचा आणि प्रत्येक वेळी तो केसभरही सरकता कामा नये. सरकला की लक्ष्मीच्या ओठाचा रंग हनुवटीवर!

आता विचार करा, रविवर्म्यांनी काढले ते एक तैलचित्र. त्यातला प्रत्येक रंग वेगळा करून दगडावर उलटा उतरविणारे जे हात होते त्यांची नावे कोणत्या इतिहासात आहेत? ही विद्या त्या काळी पुस्तकात नव्हती. ती दगडाशेजारी उभे राहूनच शिकावी लागे. योगायोग असा की शेजारच्या कार्ल्याच्या लेण्यात मात्र एका कारागिराचे नाव राहून गेले आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले, असा तिथे लेख आहे. आणि त्याच्या बापाचे, वेणुवासाचे, नावही त्यात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराला जो मान मिळाला, तो शंभर वर्षांपूर्वीच्या छापखान्यातल्या कारागिराला मिळाला नाही.

एक नाव मात्र सर्वांना ठाऊक आहे: धुंडिराज गोविंद फाळके. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, सरकारी पुराणवस्तू खात्यात नोकरी केली. पण स्वतंत्र वृत्तीच्या या माणसाला नोकरी मानवली नाही. लोणावळ्याला त्यांनी ठशांचा आणि छपाईचा स्वतःचा कारखाना काढला आणि रविवर्मा छापखान्यासाठी छायाचित्रावरून दगडावर चित्र उतरविण्याचे काम ते करून देऊ लागले. हा कारखाना पुढे दादरला गेला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाला. १९०९ साली फाळके रंगीत छपाई पाहण्यासाठी जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी बिनसले आणि त्यांनी कारखाना सोडला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांचा गौरव करतो, तो योग्यच. पण छायाचित्र, रसायन, यंत्र आणि चित्र या चार गोष्टी एका माणसाच्या हाती आल्या, त्यात शाळेइतकाच वाटा या रेल्वेमार्गावरच्या छापखान्यांचाही होता.

त्याच मार्गावर तळेगावला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर हिंडून एकेक पैसा जमविला. टिळकांचा त्यांना पाठिंबा होता. या कारखान्याची मौज अशी की तो माल काढण्याइतकाच माणसे तयार करण्यासाठी होता. भट्टीपुढे उभे राहून काच फुंकायला शिकलेले विद्यार्थी देशात जागोजागी गेले. कारखाना हीच शाळा, हा विचार आज ज्याला औद्योगिक पट्टा म्हणतात त्या मुलखात शंभर वर्षांमागेच रुजला होता.

तेव्हा खऱ्या शाळांचे काय, असे कुणी विचारील. त्याही होत्या. मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७ सालचे. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी तिथली एकेचाळीस वर्षे पुस्तकरूपाने सांगून ठेवली आहेत. पण तिथला भर रेखांकनावर आणि चित्रकलेवर. जाहिरात, वेष्टन, मुखपृष्ठ, अक्षररचना यांचा ‘कमर्शियल आर्ट’ या नावाने वेगळा विभाग निघाला तो १९३५ साली. त्याची स्वतंत्र संस्था झाली १९६१ साली. म्हणजे गणपत कृष्णाजींच्या पंचांगापासून मोजले तर शंभराहून अधिक वर्षे हा धंदा चालत होता, भरभराटत होता, आणि त्याचे शिक्षण देणारा असा विभाग मात्र जे. जे. मध्ये नव्हता. तोवर शिष्य घडले ते कारखान्यातच.

कोल्हापूरचे उदाहरण घ्या. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव हे मेस्त्र्यांच्या घरातले; नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नावाजले. पडदे रंगवता रंगवता त्यांना सिनेमाचे वेड लागले. आनंदराव १९१६ साली वारले, पण बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली; कॅमेरासुद्धा तिथेच जुळविला. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी त्यांच्या हाताखाली तयार झाली. लाकूड, रंग, कापड, प्रकाश, जे समोर येईल ते काम त्यांनी केले. १९२९ साली त्यांनी प्रभात काढली, तेव्हा त्यांच्यापाशी पदवी नव्हती. बाबूरावांच्या अंगणात खर्चलेली वर्षे होती. १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’ या बाबूरावांच्या चित्रपटाचे भित्तिपत्रक आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध भित्तिपत्रकांत गणले जाते.

शाळा आणि स्टुडिओ या दोन्ही वाटा जिथे मिळतात असे ठिकाण म्हणजे दीनानाथ दलाल. गोव्यात १९१६ साली जन्मलेले दलाल जे. जे. मध्ये शिकले आणि मुंबईत त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. १९४५ पासून ‘दीपावली’ निघू लागला. तिथून पुढे १९७१ साली ते जाईपर्यंत मराठी पुस्तकांची आणि अंकांची किती मुखपृष्ठे त्यांच्या कुंचल्यातून उतरली याची मोजदाद कठीण. गोव्याचेच रघुवीर मुळगावकर हे त्यांचे समकालीन. त्यांच्या देवता आणि त्यांच्या तरुणी यांनी एका पिढीच्या दिनदर्शिका भरून गेल्या. मराठी मध्यमवर्गाची रंगांची आवड चित्रप्रदर्शनांपेक्षा या दोघांनी अधिक घडविली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

अक्षरांच्या बाबतीत र. कृ. जोशी यांचे नाव आदराने घ्यावे लागते. जे. जे. चे विद्यार्थी, मग उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक, मग पवईच्या आय. आय. टी. त प्राध्यापक. संगणकावर आज कोट्यवधी लोक ज्या ‘मंगल’ टाइपात मराठी आणि हिंदी वाचतात तो त्यांचा. सांगण्याचा मुद्दा वेगळा आहे. १९८० नंतरच्या वर्षांत अच्युत पालव या तरुणाला मोडी लिपीच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळाली, ती उल्का संस्थेची. आणि मार्गदर्शक होते जोशी. साबण आणि टूथपेस्ट विकणाऱ्या कचेरीत बसून एका विद्यार्थ्याने शतकानुशतकांच्या मोडी कागदांचा अभ्यास केला, आणि त्यातून मराठी सुलेखनाला नवे वळण मिळाले. धंद्याच्या जागी विद्या फुलते ती अशी. अट एवढीच की तिथे शिकविणारा माणूस असला पाहिजे.

आता पुन्हा पिंपरी-चिंचवडला येऊ. देशाची फाळणी झाल्यावर पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी पडली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, बजाज आले, १९६६ साली टेल्को आली आणि तिने आरंभीच आपली प्रशिक्षणशाळा काढली. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चाकण, जे आपण शाळेत फिरंगोजी नरसाळा आणि संग्रामदुर्गाचा १६६० चा वेढा यांमुळे शिकलो आणि बाजारात कांद्यामुळे ओळखले, तिथे देशी-परदेशी मोटारींचे कारखाने उभे राहिले.

कारखाना म्हटला की त्याला अक्षरे लागतात, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. औषधाच्या कुपीवर लेबल हवे. यंत्रावर ॲल्युमिनियमची नावपट्टी हवी. ‘धोका’, ‘येथे हात घालू नये’ अशी सूचना हवी, आणि ती मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही वाचणाऱ्याला एका नजरेत कळायला हवी. चलनपुस्तक, बिलबुक, लेटरहेड, खोक्यावरचा छाप, दारावरची पाटी, खंडेनवमीच्या पूजेचे निमंत्रण, सुरक्षा सप्ताहाचे फलक! मोठ्या कंपनीची मोठी जाहिरात मुंबईला होते. पण तिला सुटे भाग पुरविणाऱ्या शेकडो लहान कारखानदारांना मुंबई परवडत नाही. त्यांच्यासाठी हे दोन खोल्यांचे स्टुडिओ. आधी हाताने पाट्या रंगविणारे पेंटर होते. मग स्क्रीन प्रिंटिंग आले. मग नंबरप्लेटवर चकाकणारी अक्षरे चिकटविणारे, ज्यांना सारे ‘रेडियमवाले’ म्हणतात, ते आले. मग संगणकावर डी. टी. पी.; आणि मग फ्लेक्स.

महाविद्यालयातून आलेला विद्यार्थी या जागी काय शिकतो? वर्गात त्याला दिलेला विषय ‘एका काल्पनिक चहाच्या कंपनीसाठी बोधचिन्ह करा’ असा असतो. मुदत तीन आठवडे, खर्चाची चौकशी नाही, आणि गिऱ्हाईक म्हणजे गुण देणारे सर. इथे समोर जो बसतो तो भोसरीचा खराखुरा कारखानदार. त्याला बोधचिन्हात दातेरी चाक हवेच असते, गणपतीही हवा असतो, आणि धाकट्या मुलीचे नावही गुंफायला हवे असते. रागावून चालत नाही. हसूनही चालत नाही. तुमचे चिन्ह स्टीलच्या भागावर अर्ध्या इंचात कोरायचे आहे, तिथे गणपतीची सोंड बुजेल, हे त्याला पटवून द्यावे लागते. ते पटले की तो आपण होऊन म्हणतो, ‘मग गणपती ऑफिसात लावू.’ अर्ध्या इंचात काय टिकते आणि काय बुजते, हे ज्ञान वर्गात मिळत नाही.

दुसरा धडा छपाईचा. पडद्यावर दिसणारा निळा कागदावर जांभळट उतरतो, हे एकदा स्वतःच्या कामात दिसले की जन्मभर लक्षात राहते. मळवलीच्या दगडांची जागा चार प्लेटांनी घेतली. पण रंगावर रंग नेमका बसण्याचे दुखणे तेच राहिले. तिसरा धडा प्रूफ वाचण्याचा. ‘शुभेच्छुक’ या शब्दात एक उकार चुकला तर तो चौकात वीस फुटांचा होऊन उभा राहतो, आणि त्याच्या खाली ज्याचे छायाचित्र असते तो पैसे द्यायला येत नाही. आम्ही शाळामास्तर शुद्धलेखनाचे गुण कापून जे शिकवू शकलो नाही, ते हा एक फलक शिकवून जातो! चौथा धडा हिशेबाचा: कागद कापताना वाया किती गेला, रंगाचा खर्च किती, आपल्या वेळेची किंमत किती. आपल्या वेळेला किंमत असते हे कलेच्या विद्यार्थ्याला कुणीतरी सांगावेच लागते.

इतके गोडवे गायल्यावर ओसरीची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. जुन्या पद्धतीत शिष्याला वर्षानुवर्षे रूळ धुवायला लावणारे उस्ताद होते. नेमकी मेख सांगायची वेळ आली की पाठ फिरवून काम करणारेही होते. विद्या सांगितली की गिऱ्हाईक जाईल ही भीती. ओसरीवर कुणाला बसू द्यायचे हे पुष्कळदा जातीवरून ठरे, आणि मुलींना तर तिथे जागाच नव्हती. शिष्याच्या हातचे काम उस्तादाच्या नावावर जाई. यातले सारे गेले असे आजही म्हणवत नाही. ‘शिकायला मिळते ना, मग पैसे कसले?’ हे वाक्य अजून कानी येते. कलेच्या वर्गात आज मुली मोठ्या संख्येने दिसतात. पण सणासुदीला स्टुडिओचे काम रात्री उशिरापर्यंत चालते, तेव्हा त्यांना घरी पोहोचविण्याची जबाबदारी कुणाची, हा साधा प्रश्न सुटला नाही तर त्यांचे बसणे तिथेच संपते.

कायदा आहे. १९६१ सालचा ॲप्रेन्टिस कायदा शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन, ठराविक मुदत आणि शेवटी परीक्षा देतो. पण तीस किंवा त्याहून अधिक माणसे असतील त्याच आस्थापनेवर उमेदवार घेण्याचे बंधन. तीन माणसांचा स्टुडिओ त्याच्या बाहेर. त्यामुळे टेल्कोत लेथ शिकलेल्या मुलाला जे संरक्षण मिळाले ते शेजारच्या गल्लीत अक्षर शिकणाऱ्याला मिळत नाही. तो सर्वस्वी मालकाच्या भलेपणावर असतो.

आणि याहून मोठा धोका नव्या काळाचा आहे. फ्लेक्स चौरस फुटाच्या भावाने विकला जातो. त्यात विचाराचा भाव धरलेला नसतो. तयार नमुन्यात नाव आणि फोटो बदलला की काम झाले. आता तर दोन ओळींची मागणी टंकित केली की संगणक स्वतःच चित्र काढून देतो. मग शेजारी कुणी बसायचे, आणि कशासाठी? मालकालाही शिकाऊ मुलाला शिकविण्यात वेळ घालवणे परवडेनासे होते. पण त्या चित्रात धोक्याची सूचना चुकीच्या जागी पडली, देवनागरीचे जोडाक्षर मोडले, किंवा औषधाच्या लेबलावर मात्रेचा आकडा इतका बारीक झाला की म्हाताऱ्या माणसाला वाचता येईना, तर ते कोण ओळखणार? ज्याने कुणाच्या शेजारी बसून डोळा तयार केला आहे, तोच. यंत्राने हात मोकळा केला. डोळा तयार करण्याचे काम माणसाकडेच राहिले आहे. ती ओसरी एकदा मोडली तर तो डोळा येणार कुठून, ही खरी काळजी आहे.

उपाय फार अवघड नाहीत. महाविद्यालयांनी स्टुडिओत काढलेल्या महिन्यांना गुण द्यावेत आणि शिक्षकांनी तिथे जाऊन काय शिकवले जाते ते पाहावे. कारखानदारांच्या संघटनांनी दोन-चार लहान स्टुडिओ एकत्र धरून एक उमेदवार पोसावा. पैसा फंडाचा मुलूख आहे हा, एकेक पैसा जमवून काच कारखाना निघतो तर विद्यावेतन निघायला हरकत नसावी. स्टुडिओच्या मालकाने थोडे का होईना पण रोख पैसे द्यावेत, आणि कामाच्या कोपऱ्यात आपल्या नावाशेजारी त्या मुलीचे किंवा मुलाचे नाव घालावे. धेनुकाकटच्या सुताराचे नाव दगडात कोरायला ज्यांना अडचण वाटली नाही, त्यांच्याच मुलखात आपण राहतो.

आणि वाचकांनी काय करावे? दहावीच्या निकालानंतर घरात जेव्हा ‘चित्रे काढून पोट भरते का?’ असा प्रश्न निघेल, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची प्रमाणपत्रे हाती धरून पोर खाली मान घालून उभे राहील, तेव्हा त्याला रागे भरण्याआधी जवळच्या एखाद्या स्टुडिओत महिनाभर बसवून पाहावे. पोट भरते की नाही ते तिथले लोक आपल्याहून खरे सांगतील. आणि पोराला त्या कामाची गोडी आहे की नुसती हौस, हेही महिन्याभरात कळेल. तेवढे होईपर्यंत, हा अंक वाचून झाल्यावर पहिल्या पानाच्या मागे बारीक टाइपात जी नावे छापली आहेत, ती मुलांना एकदा मोठ्याने वाचायला सांगा. मुखपृष्ठ कुणाचे, सजावट कुणाची, अक्षरजुळणी कुणाची, छपाई कुठली. एवढे वाचायला एक मिनिट पुरते.